शीतजलातील पतंग-फळीचा खेळ आणि हातापायांची ऊब : एक शरीरक्रियात्मक विवेचन

सारांश

वाऱ्यावर तरंगणाऱ्या मोठ्या पतंगाच्या ओढीने पायांखालच्या फळीवरून पाण्यावर सरकत जाण्याच्या खेळास काइटबोर्डिंग असे म्हणतात. शीत प्रदेशांत हा खेळ खेळताना हातापायांना ऊब देणे हा प्रश्न सामान्यतः सुखसोयीचा मानला जातो. प्रस्तुत लेखात तो सुरक्षिततेचा प्रश्न कसा आहे, याचे विवेचन केले आहे. हातापायांना मिळणारी ऊब धडातून रक्तावाटे येते आणि हातमोजे व बूट ती केवळ राखून ठेवतात, हे लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे. त्या अनुषंगाने पोशाखाची निवड, पूर्वतयारी, पाण्यातून वेळीच बाहेर पडण्याची खूण आणि महाविद्यालयीन अध्यापकांची जबाबदारी यांचाही विचार केला आहे.

बीजशब्द : शीतजल, रक्ताभिसरण, निओप्रीन, हस्तकौशल्य, साहसी क्रीडा

प्रस्तावना

हार्बर मार्गावरील गाडी मानखुर्द स्थानक सोडून वाशीकडे निघाली की थोड्याच वेळात दोन्ही बाजूंस ठाण्याची खाडी दिसू लागते. हिवाळ्यात या खाडीत अग्निपंखांचे थवे उतरतात आणि त्यांच्यासमवेत कुरव पक्षीही मोठ्या संख्येने येतात. यांपैकी तपकिरी डोक्याचा कुरव लडाख व तिबेटमधील उंचावरच्या सरोवरांकाठी वीण करतो. तेथील पाणी बर्फासारखे थंड असते. तरीही हा पक्षी त्या पाण्यात उघड्या पायांनी सहज वावरतो. त्याच्या पायांना ना पिसांचे आवरण आहे, ना चरबीचे. मग त्याचे पाय गारठत कसे नाहीत? या साध्या प्रश्नाच्या उत्तरातच प्रस्तुत विषयाचे मर्म दडलेले आहे.

आपल्या खाडीचे पाणी माणसाचे हातपाय बधिर करण्याइतके थंड कधीच होत नाही. मुंबईच्या किनाऱ्यालगत समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान ऐन हिवाळ्यातही सुमारे २४ अंश सेल्सिअस असते, तर मे महिन्यात ते ३० अंशांच्या आसपास पोहोचते. गोव्यातील मोरजी, आश्वे परिसरात हा पतंगाचा खेळ खेळला जातो, तोही उबदार पाण्यातच. असे असताना या विषयाची चर्चा मराठीत का करावी, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे.

याची कारणे दोन आहेत. पहिले असे की, आपले अनेक विद्यार्थी उच्च शिक्षणासाठी ब्रिटन, जर्मनी, नेदरलँड्स, कॅनडा आदी देशांत जातात आणि तेथील क्रीडामंडळांत सहभागी होतात. उत्तर समुद्राचे पाणी हिवाळ्यात ५ ते ८ अंशांपर्यंत उतरते आणि जोरदार वारेही नेमके याच काळात वाहतात. फ्रान्समधील लगेन्यू बंधूंनी १९८४ साली हवा भरून फुगवता येणाऱ्या पतंगाचे एकस्व घेतले. पुढे हा खेळ वाढत गेला आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्याच्या स्पर्धा मार्सेय येथे झाल्या. त्यामुळे तरुणांमध्ये त्याचे आकर्षण वाढणे साहजिक आहे. दुसरे कारण आपल्या अधिक जवळचे आहे. महाविद्यालयीन सहली व साहसशिबिरे यांच्या निमित्ताने विद्यार्थी हिमालयातून येणाऱ्या नद्यांच्या थंड पाण्यात उतरतात. उबदार समुद्राची सवय असलेल्या माणसाला त्या पाण्याचा धोका अनुभवाने ठाऊक नसतो. तो ज्ञानानेच ठाऊक करून द्यावा लागतो.

१. पाण्यातील उष्णताहानीचे स्वरूप

स्थिर हवेची उष्णतावाहकता सुमारे ०.०२५ वॅट प्रतिमीटर प्रतिकेल्विन, तर पाण्याची सुमारे ०.६ असते. म्हणजे पाणी हवेच्या जवळजवळ २४ पट उष्णतावाहक आहे. यामुळेच १५ अंश तापमानाच्या हवेत माणूस सदरा घालून फिरू शकतो, मात्र त्याच तापमानाच्या पाण्यात त्याचे हात हळूहळू काम देईनासे होतात.

ही हानी शरीराच्या सर्व भागांत सारखी नसते. बोट आणि धड ही दोन्ही ढोबळमानाने दंडगोल मानली, तर त्यांच्या वक्र पृष्ठफळाचे घनफळाशी असलेले गुणोत्तर २ भागिले त्रिज्या एवढे येते. बोटाची त्रिज्या ०.८ सेंटिमीटर धरल्यास हे गुणोत्तर २.५ येते, तर धडाची त्रिज्या १५ सेंटिमीटर धरल्यास ते सुमारे ०.१३ येते. अर्थात, आपल्या आकारमानाच्या मानाने बोटाला उष्णता गमावण्यासाठी धडापेक्षा जवळजवळ १९ पट अधिक पृष्ठभाग उपलब्ध असतो. त्यात भर म्हणजे बोटांत स्नायू नाहीत. बोटे हलवणारे मुख्य स्नायू कोपरापुढच्या हातात असून ते कंडरांच्या दोऱ्यांनी बोटे ओढतात. स्नायूंच्या कामातून निर्माण होणारी उष्णता त्यामुळे बोटांना जागच्या जागी मिळत नाही. तळपाय व पायांची बोटे यांची स्थिती बरीचशी अशीच आहे.

मग बोटांना ऊब मिळते ती कोठून? ती रक्तातून मिळते. एक लिटर रक्त ३७ अंशांवरून २७ अंशांपर्यंत थंड झाले, तर ते सुमारे ३८ किलोज्यूल उष्णता देऊन जाते. बोटांपर्यंत किती रक्त पोहोचते, यावरच त्यांचे तापमान ठरते. हातमोजा उष्णता निर्माण करत नाही. आलेली उष्णता बाहेर जाण्यास तो विलंब लावतो, एवढेच.

२. कुरवाचा पाय आणि माणसाचा हात

कुरवाच्या पायात खाली जाणाऱ्या रोहिणी आणि वर येणाऱ्या शिरा अगदी लगत असतात. हृदयाकडून येणारे उष्ण रक्त खाली उतरताना आपली उष्णता परतणाऱ्या थंड रक्ताला देते. परिणामी पंजापर्यंत पोहोचणारे रक्त आधीच थंड झालेले असते आणि पाण्यात फारशी उष्णता वाया जात नाही, तर शरीरात परतणारे रक्त पुन्हा तापलेले असते. यास प्रतिप्रवाही उष्णताविनिमय असे म्हणतात. पक्ष्याचा पंजा थंडच राहतो. तो थंड राहूनही काम करू शकतो, हे त्या रचनेचे वैशिष्ट्य होय.

माणसाच्या हातातही या योजनेचा अंश आहे. हातातील खोल रोहिणींच्या सोबतीने शिरांच्या जोड्या जातात. उष्ण वातावरणात रक्त त्वचेलगतच्या शिरांतून परतते, म्हणून उन्हाळ्यात मनगटावरील शिरा फुगलेल्या दिसतात. थंडीत त्वचेलगतच्या शिरा आकुंचन पावतात आणि रक्त खोल शिरांवाटे, रोहिणींना खेटून परतते. त्याच वेळी बोटांतील सूक्ष्म रक्तवाहिन्या आवळल्या जातात. मेंदू, हृदय व उदरातील इंद्रिये यांचे तापमान टिकवण्यासाठी शरीर हातापायांवरील खर्च कमी करते. अंथरूण पाहून पाय पसरावेत, हा व्यवहार शरीर आपणहून पाळते.

मात्र पक्षी आणि माणूस यांत एक निर्णायक भेद आहे. कुरवाला थंड पंजाने गाठ सोडवायची नसते किंवा कळ दाबायची नसते. माणसाचा हात थंड पडला की त्याचे कौशल्य जाते. बोटांच्या त्वचेचे तापमान १५ अंशांच्या खाली गेले की बारीक कामे करण्याची क्षमता घटू लागते. ते ८ अंशांच्या आसपास आले की स्पर्शज्ञान जवळजवळ नाहीसे होते. चेतातंतूंमधील संदेशवहन मंदावते, स्नायूंचे आकुंचन सावकाश होते आणि पकड ढिली पडते. शरीराने जीव वाचवण्यासाठी केलेली काटकसर अशा वेळी जीव वाचवणाऱ्या अवयवालाच निकामी करते.

थंड पाण्यात हात काही काळ राहिल्यावर बोटांच्या रक्तवाहिन्या मधूनमधून आपोआप प्रसरण पावतात आणि बोटे क्षणभर उबदार होतात, असे ब्रिटिश वैद्यकतज्ज्ञ थॉमस लुईस यांनी १९३० साली दाखवून दिले. या प्रतिसादावर विसंबता येईल काय? दोन कारणांनी येत नाही. धडाचे तापमान उतरले असेल तर हा प्रतिसाद दबून जातो. शिवाय उष्ण प्रदेशात वाढलेल्या व्यक्तींत तो सर्वसाधारणपणे उशिरा आणि क्षीण आढळतो. म्हणून आपल्या विद्यार्थ्याने स्थानिक सवंगड्याचे पाहून पातळ मोज्यांवर पाण्यात उतरणे योग्य ठरत नाही.

३. पतंगाच्या खेळात हाताचे स्थान

या खेळात पतंग २० मीटरहून अधिक लांबीच्या दोऱ्यांनी एका दांड्याला जोडलेला असतो. दांडा खेळाडूच्या कमरेभोवतीच्या पट्ट्याला, म्हणजे हार्नेसला, अडकवलेला असतो. पतंगाची मुख्य ओढ हा पट्टा सोसतो आणि हात केवळ दिशा देतात. वारा अचानक वाढला किंवा दोऱ्या गुंतल्या तर पतंगाची शक्ती क्षणात काढून टाकण्यासाठी दांड्यापाशी एक सुटकेची कळ असते, तिला क्विक रिलीज म्हणतात. एका झटक्यात ती ढकलली किंवा ओढली की पतंग निष्प्रभ होतो.

ही कळ हाताने चालवायची असते. त्यानंतरचे कामही हातांचेच आहे. दोऱ्या दांड्याभोवती गुंडाळून त्यांना अढी घालायची, पतंगापर्यंत पोहोचायचे आणि त्याच्या टोकांना धरून त्याचाच तराफा करून किनारा गाठायचा. हे सर्व खोल पाण्यात, लाटांमध्ये आणि बहुधा एकट्याने करावे लागते. ज्याची बोटे कळ चाचपू शकत नाहीत, त्याच्यापाशी कळ असून नसल्यासारखीच होय. म्हणूनच प्रस्तुत लेखात बोटांच्या उबेस सुरक्षा-साधनाचा दर्जा दिला आहे.

शीतजलातील धोक्याचे टप्पे शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी स्पष्ट केले आहेत. पहिल्या काही मिनिटांत शीतआघात होतो : श्वास एकदम आत ओढला जातो, श्वसन अनावर होते आणि हृदयाची गती वाढते. त्यानंतर हातापायांचे सामर्थ्य जाऊ लागते. धडाचे तापमान ३५ अंशांच्या खाली जाणे, म्हणजे अल्पतापावस्था, बहुधा अर्ध्या तासानंतरच सुरू होते. कॅनडातील मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गीसब्रेख्त यांनी बर्फाळ पाण्यासाठी हा क्रम एका सूत्रात मांडला आहे : श्वास सावरण्यास १ मिनिट, हातापायांच्या उपयुक्त हालचालीस १० मिनिटे आणि शुद्ध हरपण्यापूर्वी १ तास. थंड पाण्यात माणूस 'गारठून मरतो' ही सर्वसामान्य समजूत त्यामुळे अपुरी ठरते. अनेकदा तो गारठून मरण्याच्या कितीतरी आधी, हात चालेनासे झाल्यामुळे बुडतो.

४. पोहणाऱ्याची स्थिती आणि खेळाडूची स्थिती

येथे एक आक्षेप संभवतो. पुण्याचे रोहन मोरे यांनी २०१८ साली 'ओशन्स सेव्हन' या सात सामुद्रधुन्यांचा क्रम पूर्ण केला आणि तो पूर्ण करणारे ते पहिले आशियाई जलतरणपटू ठरले. मुंबई परिसरातील प्रभात कोळी यांनी २०२३ मध्ये हाच पराक्रम केला. आयर्लंड व स्कॉटलंड यांमधील नॉर्थ चॅनेलचे पाणी उन्हाळ्यातही १२ ते १४ अंशांच्या आसपास असते. या पोहण्याच्या नियमांनुसार उष्णतारोधक पोशाख वापरता येत नाही. मग महाराष्ट्राच्या उबदार हवेत वाढलेल्या या जलतरणपटूंनी जे उघड्या हातांनी साधले, ते मोजे घातलेल्या खेळाडूस अवघड का वाटावे?

उत्तर कामाच्या स्वरूपात आहे. जलतरणपटूचे मोठे स्नायू तासन्‌तास अखंड काम करतात आणि मोठ्या प्रमाणावर उष्णता निर्माण करतात. त्याच्या बोटांना सूक्ष्म काम करायचे नसते. थंडीने बोटे एकमेकींपासून फाकू लागणे, हात पंजासारखा वाकणे ही त्यांच्याबाबतीतही परिचित लक्षणे आहेत. सोबत मार्गदर्शक नौकाही असते. पतंगाच्या खेळाडूचे तसे नसते. तो कधी वेगाने धावतो, तर कधी वाऱ्याची वाट पाहत पाण्यात बसून राहतो. ओल्या अंगावरून ताशी ३५-४० किलोमीटर वेगाचा वारा वाहत असतो. हात उंचावून दांडा धरलेला असतो आणि ऐन संकटात त्याला बोटांचेच काम पडते.

सरावाचा लाभ मात्र दोघांनाही होतो. थंड पाण्यात काही मिनिटांच्या पाच-सहा डुबक्या वेगवेगळ्या दिवशी घेतल्या तरी शीतआघाताची तीव्रता बरीच कमी होते. श्वासाला सवय लावता येते. बोटांना अशी भरवशाची सवय लागते असे मात्र म्हणता येत नाही.

५. आडात असेल तरच पोहऱ्यात

हात गार पडले म्हणून अधिक जाड मोजे घेणे, हा पहिला विचार सर्वांनाच सुचतो. तो अपुरा का आहे, हे साध्या गणिताने दाखवता येते. सपाट पृष्ठभागावर ५ मिलिमीटर जाडीचे आवरण जेवढा उष्णतारोध देते, तेवढा ते बोटासारख्या बारीक दंडगोलावर देत नाही. जाडी वाढते तसा आवरणाचा बाहेरचा पृष्ठभागही वाढतो आणि तेथून उष्णता निसटते. ८ मिलिमीटर त्रिज्येच्या बोटावर ५ मिलिमीटर आवरणाचा प्रभाव सपाट पृष्ठभागावरील सुमारे ३.९ मिलिमीटर आवरणाएवढाच राहतो. ८० मिलिमीटर त्रिज्येच्या मांडीवर मात्र तो ४.८५ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ पूर्ण असतो. तेच निओप्रीन धडावर व मांड्यांवर अधिक फळ देते.

यावरून पोशाखाचा क्रम ठरतो. प्रथम धड, नंतर मान व डोके, त्यानंतर बाहू आणि शेवटी हातपाय. शरीराच्या गाभ्यात उष्णता शिल्लक असेल तरच मेंदू बोटांकडे रक्त सोडू देतो. आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार, ही आपली म्हण येथे अक्षरशः लागू पडते. अंगातील पोशाख जाड व नीट बसणारा असेल तर पातळ मोज्यांतही बोटे तग धरतात, आणि धड गारठलेले असेल तर जाड मोज्यांतही ती बधिर होतात. शरीराची निम्मी उष्णता डोक्यावाटे जाते ही समजूत खरी नाही. डोक्याचा वाटा साधारणतः त्याच्या पृष्ठभागाच्या प्रमाणातच असतो. परंतु इतर सर्व अंग झाकलेले असताना उघडे डोके व मान हेच उष्णतेचे दार ठरते, म्हणून टोपडे आवश्यक आहे.

निओप्रीनच्या पोशाखाची कल्पना १९५०च्या दशकाच्या आरंभी कॅलिफोर्निया विद्यापीठातील पदार्थवैज्ञानिक ह्यू ब्रॅडनर यांनी विकसित केली. शरीर कोरडे राहण्याची गरज नाही, उष्णता अडवतात ते फेसाळ रबरातील वायूचे बुडबुडे, हे त्यांच्या ध्यानात आले होते. आत शिरलेले थोडे पाणी अंगाच्या उष्णतेने तापते आणि तेथेच राहते. ते सतत बदलत राहिले तर मात्र प्रत्येक वेळी नवे पाणी तापवण्याचा भार शरीरावर पडतो. म्हणून शिवणी चिकटवून बंद केलेला आणि मनगट, घोटे व मान येथे नेटका बसणारा पोशाख जाड पण सैल पोशाखापेक्षा सरस ठरतो.

६. हातमोजे व बूट : निवडीची तत्त्वे

हातमोज्यांच्या बाबतीत ऊब आणि पकड यांची ओढाताण असते. मोजा जाड झाला की दांडा हाताला अधिक जाड लागतो आणि तो धरण्यास अधिक बळ लावावे लागते. मूठ सतत आवळलेली राहिली की कोपरापुढच्या स्नायूंतील रक्तवाहिन्या दाबल्या जातात, स्नायू थकतात आणि बोटांचा रक्तपुरवठाही घटतो. म्हणून बोटांना आधीच वाकवलेला आकार दिलेले २ ते ३ मिलिमीटरचे मोजे पुष्कळदा अधिक जाड मोज्यांपेक्षा उपयुक्त ठरतात. फारच थंड पाण्यात चारही बोटे एकत्र ठेवणारे, केवळ अंगठा वेगळा असलेले मोजे घ्यावेत. चार बारीक दंडगोलांऐवजी एकच मोठा आकार झाकला गेल्याने उष्णताहानी कमी होते. कोणताही मोजा घेतला तरी तो घालून, डोळे मिटून, सुटकेची कळ चालवता आलीच पाहिजे. ही चाचणी किनाऱ्यावर, मोजा थंड पाण्यात भिजवून घ्यावी. दुकानात कोरड्या हाताने घेतलेल्या चाचणीस अर्थ नाही.

दांडा हलका धरणे हाही ऊब राखण्याचाच एक उपाय आहे. ओढ पट्ट्याने सोसावी, हातांनी नव्हे. नवशिके भीतीपोटी मूठ आवळतात आणि म्हणूनच त्यांचे हात अधिक लवकर गारठतात. दर काही मिनिटांनी एक हात सोडून खाली आणावा व खांद्यापासून गोल फिरवावा. केंद्रोत्सारी प्रभावाने रक्त बोटांकडे ढकलले जाते.

पोशाख व मोजे यांच्या जोडणीत कौलांचा न्याय लक्षात ठेवावा. वरचे कौल खालच्यावर चढलेले असेल तरच पाणी आत शिरत नाही. पायावरून पाणी खाली ओघळते, म्हणून विजारीची कड बुटाच्या बाहेरून असावी. हात उंचावलेला असताना मात्र पाणी बोटांकडून कोपराकडे वाहते. तेव्हा मोज्याची कड बाहीवर चढवणे अधिक तर्कसंगत ठरते. खेळाडू पाण्यात पडला की दोन्ही रचनांत पाणी शिरू शकते. त्यामुळे मनगटाशी मोजा घट्ट बसणे अधिक महत्त्वाचे आहे, पण तो इतका घट्टही नसावा की रक्ताभिसरणच अडेल.

बुटांसाठी ५ मिलिमीटरच्या आसपासची जाडी सामान्यतः निवडली जाते, कारण पायांना सूक्ष्म काम करायचे नसते. बुटात पायाची बोटे हलवता आली पाहिजेत. तंग बुटात रक्त अडते, सैल बुटात पाणी खेळते. फळीवरील पट्टेही बूट घालूनच जुळवून घ्यावेत, अन्यथा पायाचा वरचा भाग दाबला जाऊन बोटे बधिर होतात. समुद्राचे पाणी सुमारे उणे २ अंशांपर्यंत गोठत नाही. त्यामुळे पाण्यात असताना हिमदंशाची भीती नसते. पण पाय दीर्घकाळ थंड व ओले राहिले तर ऊती न गोठताही चेतातंतूंना इजा होते. पहिल्या महायुद्धात खंदकांत उभ्या राहणाऱ्या सैनिकांच्या पायांना झालेली हीच इजा होती. तिचे दुखणे वर्षानुवर्षे राहू शकते.

७. खेळापूर्वी, खेळताना आणि खेळानंतर

पाण्यात उतरण्यापूर्वीच हात गार असतील तर ते पाण्यात उबदार होणार नाहीत. म्हणून पतंग फुगवणे, दोऱ्या मांडणे ही कामे उबदार कपडे व कोरडे मोजे घालून करावीत. उतरण्याआधी दहा मिनिटे चालणे-धावणे करावे. थर्मासमधून नेलेले कोमट पाणी बुटांत व मोज्यांत ओतून मग ते घालावेत, म्हणजे पहिला थर शरीराला तापवावा लागत नाही. उपाशीपोटी उतरू नये. धूम्रपानाने बोटांच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि मद्याने त्वचेवाटे उष्णता निसटते, म्हणून दोन्ही वर्ज्य समजावीत.

खेळताना एक साधी खूण पाळावी. अंगठा त्याच हाताच्या करंगळीला टेकवून पाहावा. तो टेकत नसेल तर हातांचे कौशल्य जाऊ लागले आहे असे समजून तत्काळ किनाऱ्याकडे वळावे. हात दुखत आहेत तोवर काळजी आणि दुखणे थांबले की सुटका, असा समज घातक आहे. आधी वेदना आणि नंतर बधिरता, हा गारठण्याचाच क्रम आहे. वेदना थांबणे हा अनेकदा इशारा असतो.

बाहेर आल्यावर वाऱ्यात उभे राहून गप्पा मारणे टाळावे. एक ग्रॅम पाण्याचे बाष्प होण्यास सुमारे २,४०० ज्यूल उष्णता लागते. ओल्या पोशाखावरून १०० ग्रॅम पाणी उडून गेले, तर विश्रांत शरीर साधारण ४० मिनिटांत जेवढी उष्णता निर्माण करते तेवढी त्यात खर्च होते. ती सर्वच शरीरातून जाते असे नाही, परंतु तिचा मोठा वाटा शरीराला उचलावा लागतो. म्हणून वारा न शिरणारा सैल झगा अंगावर चढवून आडोशाला जावे, चटईवर उभे राहून प्रथम वरचे अंग कोरडे करावे आणि गोड गरम पेय घ्यावे. बधिर हात कढत पाण्यात घालू नयेत. त्वचेला चटका कळत नसल्याने भाजण्याचा धोका असतो. कोमट पाणी, काखेची ऊब किंवा कोरडे कापड पुरेसे आहे. हात-पाय उबदार होताना होणारी ठणक काही वेळाने शमते.

थंडीत बोटे पांढरीफटक पडण्याचा विकार १८६२ साली मॉरिस रेनो यांनी वर्णिला. तो ज्यांना आहे, तसेच मधुमेहामुळे ज्यांच्या पायांची संवेदना कमी झाली आहे, अशांनी वैद्यकीय सल्ल्याशिवाय थंड पाण्यात उतरू नये.

८. अध्यापकांची भूमिका

साहसशिबिरास जाणाऱ्या विद्यार्थ्यांच्या अर्जावर आपण स्वाक्षरी करतो, पालकांचे संमतिपत्र घेतो, पोहता येते की नाही एवढे विचारतो. पोहता येणे आवश्यक आहे, पण १० अंशांच्या पाण्यात चांगल्या पोहणाऱ्या विद्यार्थ्याचेही हातपाय चालेनासे होऊ शकतात. म्हणून आपल्या प्रश्नावलीत तीन प्रश्नांची भर असावी. पाण्याचे तापमान किती असेल? अंगभर उष्णतारोधक पोशाख मिळणार आहे काय? हात चालेनासे झाले तर विद्यार्थ्याला पाण्यातून काढण्याची व्यवस्था किती मिनिटांच्या अंतरावर आहे? तरंगण्याचे जाकीट अंगात असणे ही अट तर कधीही सोडू नये, कारण हात थकल्यावरही ते नाक-तोंड पाण्यावर ठेवते.

परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आपण भाषा, शिष्यवृत्ती व निवास यांविषयी मार्गदर्शनवर्ग घेतो. त्यात शीतजलाविषयी अर्ध्या तासाचे प्रात्यक्षिक सहज घेता येईल. बादलीत बर्फाचे पाणी घ्यावे, विद्यार्थ्यास दोन मिनिटे हात त्यात ठेवू द्यावा आणि मग बुटाच्या नाडीची गाठ सोडावयास सांगावी. मधुमेह, हृदयविकार किंवा बोटे पांढरी पडण्याचा त्रास असणाऱ्यांना मात्र यातून वगळावे. शब्दांनी जे पटत नाही, ते त्या न सुटणाऱ्या गाठीने पटते.

समारोप

हातापायांची ऊब ही हातमोजे व बूट यांची देणगी नसून ती धडातून आलेल्या रक्ताची देणगी आहे, हे वरील विवेचनावरून स्पष्ट होते. म्हणून प्रथम धड उबदार ठेवावे, मूठ सैल ठेवावी, मोजे असे निवडावेत की त्यांतून सुटकेची कळ चालवता येईल आणि अंगठा करंगळीस टेकेनासा होताच किनारा गाठावा. कुरव थंड पंजांनी वर्षानुवर्षे हिवाळे काढतो, कारण त्याला पंजाने आपली सुटका करून घ्यायची नसते. माणसाला ती करून घ्यायची असते. त्याच्या बोटांतील ऊब ही शीतजलातील त्याच्या सुरक्षिततेची पहिली अट होय.